आता गरज नाही डॉक्टरांची

आईने धाकट्याला ताईच्या धंद्यात घ्यायचं ठरवलं ते बुधवारी, आणि ताईला सांगितलं ते गुरुवारी. शुक्रवारी सकाळी तो ताईच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसला, वही उघडली आणि म्हणाला, "सांग. तुझं सॉफ्टवेअर काय करतं?"

"रांग लावतं," ताई म्हणाली.

"आणि?"

"आणि काय? रांग लावतं."

धाकट्याने वहीत 'रांग लावतं' असं लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि पुढचं काही येईल म्हणून थांबला. पुढचं काही आलं नाही. ताईने तोवर स्क्रीनकडे तोंड वळवलं होतं.

ताई एक्केचाळीस वर्षांची. पूर्वी ती एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणक विभागात नोकरीला होती. तिथे सकाळी सातपासून बाकांवर बसलेली माणसं तिला रोज दिसत. कोणी उपाशीपोटी, कोणी मांडीवर तापलेलं मूल घेऊन. ज्याला दुपारी एक वाजता आत बोलवायचं, त्याला सात वाजता कशाला बसवून ठेवतात, या एका प्रश्नापायी तिने नोकरी सोडली आणि घरातल्या मागच्या खोलीत बसून दोन वर्षं हे सॉफ्टवेअर लिहिलं. पेशंटने घरूनच नाव नोंदवायचं. डॉक्टर एकेका माणसाला किती वेळ देतात, हे सॉफ्टवेअर आपलं आपण शिके आणि 'तुम्ही अकरा दहाला या' असा निरोप फोनवर पाठवी. मध्येच कोणी तातडीचा रुग्ण आला तर मागच्यांना 'जरा उशिरा निघा' असंही कळवी. माणूस दवाखान्यात पोचून टेकतो न टेकतो तोच त्याला आतून हाक येई. चुकलंच तर दोन-चार मिनिटांनी चुके.

तिने त्याचं नाव 'रांग' ठेवलं होतं, कारण संगणकात त्या फोल्डरचं नाव तेच होतं.

पहिल्या वर्षात त्रेचाळीस दवाखान्यांनी ते घेतलं. मग कधी एक, कधी दोन, असे ते सोडू लागले. का, ते कोणी सांगेना आणि ताई विचारेना. तेवढ्यात एका मोठ्या कंपनीचं त्याच कामाचं सॉफ्टवेअर बाजारात आलं. त्यांचा टाय लावलेला माणूस दवाखान्यादवाखान्यांतून फिरे आणि भिंतीवरचं घड्याळ भेट देई. त्या सॉफ्टवेअरमध्ये नंबर मिळे, पण वेळ मिळत नसे. ताईने ते एकदा पाहिलं आणि ती निश्चिंत झाली. इतकं सुमार काम कोण घेणार, असं तिला वाटलं. बारा जणांनी घेतलं. ताईकडे एकतीस उरले.

"अगं, लोकांना सांगायला नको का?" आई म्हणाली होती.

"काम चांगलं असलं की कळतं लोकांना."

"कसं कळतं?"

त्यावर ताई पुन्हा कामाला लागली, म्हणून आईने धाकट्याला बोलावलं.

धाकटा तेव्हा गाद्यांच्या दुकानात होता. दुकानात नुसता पत्ता विचारायला आलेल्या माणसाला त्याने एकदा डबल बेडची गादी विकली होती, आणि तो माणूस पुढे दुसरी न्यायला आला हेही खरं. ताईचं नाव व्हावं असं त्याला मनापासून वाटे. शाळेतली त्याची सगळी गणितं तिनेच सोडवून दिली होती. फक्त 'रांग' चालताना त्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि 'चल, दाखवते' असं ताईही कधी म्हणाली नव्हती.

"पहिलं म्हणजे नाव बदलू," तो म्हणाला. "'रांग' ऐकलं की पाय दुखायला लागतात. त्यापेक्षा 'तुमची पाळी' कसं वाटतं?"

ताईने मान वर केली. पलीकडे बसलेल्या आईने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"हे चौकात लावणार तू?" आईने विचारलं.

धाकट्याने क्षणभर विचार केला, तो कानापर्यंत लाल झाला आणि त्याने वहीतलं ते पान फाडलं. नाव 'रांग'च राहिलं.

मग त्याने मोठा फलक करायचं ठरवलं. जागा त्याने उत्तम शोधली. चौकात एक चार मजली इमारत होती, तिच्यात अकरा दवाखाने होते आणि त्यातले नऊ ताईचे. समोर बसथांबा आणि थांब्याच्या मागे फलकाची जागा. मजकूरही त्याला चालता चालता सुचला: 'आता गरज नाही डॉक्टरांची वाट पाहण्याची!' वाक्य चांगलं होतं. ताईलाही आवडलं. फलक छापणारा म्हणाला, धावत्या गाडीतून वाचायचं तर अक्षरं मोठी हवीत, एका ओळीत बसणार नाही, दोन करू. धाकटा म्हणाला, करा.

नमुना ताईच्या फोनवर आला. तिने तो बोटांनी मोठा करून अक्षर न् अक्षर तपासलं. अनुस्वार जागच्या जागी होते. 'वाट' आणि 'पाहण्याची' यांच्यात जागा थोडी जास्त पडली होती, ती कमी करावी, बाकी सगळं बरोबर, असं कळवून ती पुन्हा कामाला लागली.

पुढच्या आठवड्यात शनिवारी फलक लागला. वरची ओळ माणसाच्या उंचीची, खालची तिच्या निम्मी. आणि बसथांब्याचं पत्र्याचं छप्पर नेमकं खालच्या ओळीच्या आड येत होतं. रस्त्यातून पाहा की इमारतीच्या खिडकीतून पाहा, वाचता येई ते एवढंच: 'आता गरज नाही डॉक्टरांची'. शेजारी लाल आकड्यांत धाकट्याचा फोन नंबर.

सोमवारी सकाळी आठला पहिला फोन आला.

"गुडघ्याचं पण होतं का तुमच्याकडे?" एका आजोबांनी विचारलं.

हाडांच्या दवाखान्यातही हे चालतं का, असं ते विचारताहेत, अशी धाकट्याची समजूत झाली. "होतं की," तो म्हणाला. "गुडघा, डोळे, कान, सगळ्यांचं होतं."

"आणि डॉक्टर लागत नाही?"

"डॉक्टरांची चिंता तुम्ही सोडाच, आजोबा. नाव सांगा. वेळ तुमच्या फोनवर येईल."

संध्याकाळपर्यंत अशी चोवीस नावं झाली. धाकट्याला शिकता यावं म्हणून ताईने त्याला एक 'नमुना दवाखाना' उघडून दिला होता. पत्ता टाकल्याशिवाय ते पुढे सरकत नसे, म्हणून तिने त्यात घरचाच पत्ता टाकला होता. धाकट्याने चोवीसच्या चोवीस नावं त्यात घातली. लोक किती चौकशी करताहेत हे ताईला एकदम दाखवावं, एवढाच त्याचा हेतू होता. सॉफ्टवेअरला हेतू कळत नाही. त्याने आपलं काम केलं.

मंगळवारी सकाळी नऊ वीसला दाराची घंटा वाजली. ताई बाहेर गेली होती, धाकटा अंघोळीला. आईने दार उघडलं तर काठी टेकत एक आजोबा उभे.

"नऊ वीसचा मी," ते म्हणाले.

एवढ्या वयाच्या माणसाला दारात उभं करून चौकशी करणं आईला बरं वाटेना. "या, बसा," ती म्हणाली. आजोबा बसले आणि त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत वर घेतली. आता गुडघा समोर आलाच आहे, तर आईने तो पाहिला. तिचा स्वतःचा डावा गुडघा सहा वर्षं दुखत होता, तेव्हा विषयात तिला गम्य होतं. जिने किती चढता, सकाळी जास्त दुखतो की रात्री, असं तिने विचारलं. आजोबांनी सांगितलं. मग मुलगा परदेशात असतो तेही सांगितलं. सोळा मिनिटांनी ते उठले आणि दारातून बाहेर पडले, तोच पाठ धरून एक बाई पायऱ्या चढून आल्या.

धाकटा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. "आई, या कोण?"

"नऊ छत्तीसच्या," आई म्हणाली. "मध्ये बोलू नकोस."

नमुन्यात एका माणसाला सोळा मिनिटं धरलेली होती, त्यामुळे दर सोळा मिनिटांनी घंटा वाजत राहिली. दारात दोन माणसांची कधी गाठ पडली नाही. कोणाला एक मिनिट ताटकळावं लागलं नाही. धाकट्याने पुढच्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगायचा प्रयत्न केला, पण ते आधीच निघालेले असत, कारण निघायची वेळही सॉफ्टवेअरने अचूक कळवली होती. आईने कोणाला औषध सांगितलं नाही. ती सगळं ऐकून घेई आणि शेवटी म्हणे, "डॉक्टरांना दाखवून घ्या बाई एकदा."

"इतकं कोणी ऐकून घेत नाही हो," पाठवाल्या बाई जाताना म्हणाल्या.

बारा सोळाला आलेला माणूस उंच होता, त्याच्या हातात बॅग होती आणि चेहऱ्यावर राग. चौकातल्या त्या इमारतीतले डोळ्यांचे डॉक्टर ते, ताईच्या नऊंपैकी एक. डॉक्टरांच्या संघटनेचे सचिवही होते. फलक वाचून, हा कसला भोंदूपणा चालला आहे ते रंगेहाथ पकडावं, म्हणून त्यांनी स्वतःचं नाव नोंदवलं होतं.

"इथे तपासतं कोण?" त्यांनी विचारलं.

"तपासत कोणी नाही," आई म्हणाली. "बसा तरी. तुम्हाला काय होतंय?"

गेल्या पंचवीस वर्षांत डॉक्टरांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "थकवा," त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग ते एकदम सावरले. "अहो, मी स्वतः डॉक्टर आहे!"

"असू दे," आई म्हणाली. "डॉक्टरांनाही होतं."

तेवढ्यात ताई आली. डॉक्टरांनी तिला ओळखलं आणि फोन काढून फलकाचा फोटो दाखवला. ताईने तपासलेली अक्षरं ती हीच होती, सगळी बिनचूक. ती पहिल्यांदाच ते वाक्य म्हणून वाचत होती.

"खाली आणखी एक ओळ आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"छपराच्या मागे."

 आता काहीतरी सांगायला हवं होतं: फलकाचा अर्थ काय होता, ही माणसं इथे कशी आली, हे सगळं मुळात कशासाठी केलं. ताईने तोंड उघडलं, "चूक आमची आहे," एवढं म्हणाली आणि थांबली. ती थांबली म्हणून धाकटा बोलला. तो भरपूर बोलला. "पण साहेब, एका दिवसात सगळीकडे नाव झालं की नाही?" असं त्याने विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी बॅग उचलली.

त्या संध्याकाळी संघटनेची बैठक झाली आणि सगळ्यांनी 'रांग' काढून टाकायचं ठरलं. फलक दुसऱ्याच दिवशी उतरवला. दोरांनी तो वर उचलला तेव्हा खालची ओळ पहिल्यांदा छपरामागून वर आली. तेव्हा रस्त्यात बघायला फक्त धाकटा उभा होता.

दवाखान्यांतल्या संगणकांवर पेशंटची नावं होती, आजार होते. ती माहिती स्वतःच्या हाताने पुसल्याशिवाय ताईला चैन पडलं नसतं. गुरुवारी ती डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. धाकटा मागोमाग आला. तू येऊ नकोस, असं ती म्हणाली नाही. ये, असंही म्हणाली नाही.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बारा खुर्च्या होत्या. दोन खुर्च्यांवर माणसं होती, तिसरीवर धाकटा बसला. ताई काउंटरवरच्या बाईंच्या संगणकाशी जाऊन बसली. एक माणूस आला, त्याने छत्री कोपऱ्यात ठेवली, पुसायला चष्मा काढला, तोच त्याचं नाव पुकारलं गेलं. मग लहान मुलीला घेऊन एक बाई आल्या. मुलीने खुर्चीवर चढायला एक पाय वर केला होता, तो तिला खाली घ्यावा लागला. अर्ध्या तासात अशी पाच माणसं आत गेली. टेबलावरच्या मासिकाला कोणी हात लावला नाही.

धाकटा उठून ताईजवळ गेला. "ताई, हे रोज असं असतं?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. रांग लावतं."

"अगं, हे रांग लावत नाही," धाकट्याचा आवाज चढला. "हे रांग घालवतं!"

ताईचे हात थांबले. जे चार वर्षं तिच्या हातांना माहीत होतं, ते वाक्य म्हणून तिच्या तोंडी कधी आलं नव्हतं.

"मी इथे एकदा येऊन बसायला हवं होतं," धाकटा हळू आवाजात म्हणाला.

"मी तुला आणायला हवं होतं," ताई म्हणाली.

दार उघडून डॉक्टर बाहेर आले. "काढलंत का?"

"काढतेय."

डॉक्टरांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. मंगळवारचा राग आता त्यांच्यात उरला नव्हता. "खरं सांगू का," ते म्हणाले, "तुमचा फलक निमित्त झाला. माझा दवाखानाच बसत चाललाय. दोन वर्षांपूर्वी इथे पाय ठेवायला जागा नसायची. जिन्यात माणसं उभी असायची. आता बघा. समोरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी ते नवीन घेतलं, तर त्यांच्या दारात ही गर्दी. लोक येतात, माझ्याकडे डोकावतात, कोणीच नाही बघून समोर जातात."

त्रेचाळीसचे एकतीस का झाले, ते ताईला त्या क्षणी कळलं. तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "काल तुम्ही किती पेशंट तपासलेत?"

"असतील वीस-पंचवीस."

"अडुसष्ट."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. मग काउंटरवरच्या बाईंकडे पाहिलं.

"हो, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"आणि दोन वर्षांपूर्वी?"

"रोजचे चाळीस," ताई म्हणाली.

डॉक्टर जवळच्या खुर्चीत बसले. स्वतःच्या दवाखान्यात या बाजूच्या खुर्चीवर ते पहिल्यांदाच बसत होते. "मी थकव्यासाठी रक्त तपासून घेतलं," ते म्हणाले. "दोनदा. हृदयाचीही तपासणी करून घेतली."

मग ताई बोलली. रुग्णालयातली बाकं, सात वाजता आलेली उपाशी माणसं, माणूस घरी वाट पाहतो म्हणून इथे खुर्च्या रिकाम्या राहतात, हे सगळं तिने सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं. धाकटा जवळच उभा होता. तो एक अक्षर बोलला नाही.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" डॉक्टरांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यांनी मान हलवली. "काल त्या कंपनीच्या करारावर सही केली मी. तीन वर्षांचा आहे. शिवाय ठराव मीच मांडलेला. मलाच कसं मागे फिरता येईल?"

ताईने मान डोलावली आणि उरलेलं पुसायला घेतलं. दोन वर्षांची माहिती पुसायला अकरा मिनिटं लागली.

पुढच्या दवाखान्यांत ती काढायच्या आधी बोलू लागली. काहींनी ऐकून घेतलं, काहींना वेळ नव्हता. महिन्याअखेर एकतीसपैकी पाच राहिले. त्यात एक जनावरांचे डॉक्टर होते. त्यांचे पेशंट फार वेळ एका खोलीत बसले तर एकमेकांना चावत, त्यामुळे त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. धाकटा दिवसा गाद्यांच्या दुकानात परत जाऊ लागला. संध्याकाळी तो वही घेऊन ताईजवळ बसे. ती सांगे, तो लिहून घेई, आणि लिहिलेलं दोघं मिळून आईला वाचून दाखवत. आईला नाही कळलं तर खोडत.

पुढे आईच्या चष्म्याचा नंबर वाढला. तिचे डोळे त्या डॉक्टरांनाच माहीत होते, म्हणून तिघं तिथेच गेली. बाराही खुर्च्या भरल्या होत्या, भिंतीलगत माणसं उभी होती, जिन्यात लहान मुलं रडत होती. कोणीतरी उठून आईला जागा दिली. भिंतीवरच्या नव्या पडद्यावर चौदा नंबर होता. आईचा एक्केचाळीस. मध्ये एकदा दार उघडून डॉक्टर बाहेर डोकावले. गर्दी बघून त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, मग त्यांना ताई दिसली आणि ते घाईने आत गेले.

अर्ध्या तासाने आई शेजारच्या बाईंना अभिमानाने म्हणाली, "आधी इथे माझ्या मुलीचं सॉफ्टवेअर होतं हो. तेव्हा या खुर्च्यांवर माणूस म्हणून दिसायचा नाही."

त्या बाईंनी भिंतीशी उभ्या असलेल्या ताईकडे कणवेने पाहिलं.

"अरेरे," त्या म्हणाल्या. "इतकं वाईट होतं?"

धाकट्याने बोलायला तोंड उघडलं. ताईने त्याच्या दंडावर हात ठेवला, त्या बाईंच्या समोर येऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, "नाही हो. ऐका, मी सांगते."

पडद्यावर अजून सतराच नंबर होता.